विस्तवाशिवाय डाळ

"कोण गो कण्हतंय आत?" गोदूबाईंनी दारातूनच विचारलं. शेजारच्या घरातून त्या विरजण मागायला आल्या होत्या.

मंदाकिनी देवापुढे बसून वाती वळत होती. तिचा हात थांबला नाही. "डाळ आहे," ती म्हणाली.

गोदूबाईंनी शेगडीकडे पाहिलं. शेगडी गार होती. राखसुद्धा काढून, भांडी घासायला म्हणून डब्यात भरून ठेवलेली. तेवढ्यात आतल्या खोलीच्या काळोखातून पुन्हा तो आवाज आला. आजारी माणसानं कूस बदलताना करावा तसा, लांबलेला, दमलेला. त्याच्यामागून एक सुस्कारा.

"डाळ? अगो, कुठे आहे डाळ?"

"पेटीत."

"कसल्या पेटीत?"

"माझ्या. माहेरची सागवानी आहे ना, ती. वरून गोधड्या घातल्यात."

"मग उघड की बाई तिला!"

"छे छे, मध्येच उघडलं तर सगळं वाया जातं. जेवायच्या वेळेलाच बाहेर काढायचं."

विरजण राहिलं बाजूला. गोदूबाई वाटी छातीशी धरून पाठमोऱ्या न होता, तशाच उलट्या पावलांनी उंबऱ्याबाहेर गेल्या.

आता यात मंदाकिनीने एक अक्षर तरी खोटं सांगितलं का? नाही. सांगणारही नव्हती. आषाढी एकादशीला तिने देवापुढे पळीभर पाणी सोडून नेम धरला होता, की कार्तिकीपर्यंत खोटं बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही. कुणी कांदा सोडतं, कुणी पानावर जेवतं, तिने हे घेतलं. नवऱ्यासाठी घेतलं. त्र्यंबकच्या छातीत पाणी झालं होतं. त्यातून तो उठला, पण गिरगावातल्या भावाच्या अंधाऱ्या खोलीत त्याला परत नेऊ नका, नेलंत तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून डोंबिवलीला, भातखाचरांच्या कडेला, काळुराम पाटलाच्या नव्या घरातल्या या दोन खोल्या. इथे खाडीवरून वारा यायचा. त्र्यंबकचा खोकला अर्ध्यावर आला होता. तो पुन्हा कचेरीतही जाऊ लागला होता. मंदाकिनीला देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. या दोन खोल्या सुटू नयेत, एवढंच.

आजारपणाने घरातलं सगळं पुसून नेलं होतं. मग मंदाकिनीने काटकसर चालवली, तीही एखाद्या व्रतासारखी, गाजावाजा न करता. लढाईच्या दिवसांत महिला मंडळात एका बाईंनी दाखवलं होतं, की डाळीला एक सणसणीत उकळी आणायची, झाकण घट्ट लावायचं, आणि ते भांडं पेंढा ठासलेल्या पेटीत दडपून ठेवायचं. आतल्या आत ऊब राहते, डाळ आपली आपण शिजते, कोळसा वाचतो. मंडळातल्या बाकीच्या बायका हसून घरी गेल्या. मंदाकिनीने ते लक्षात ठेवलं. पेंढा तिने काळुरामकडूनच मागून आणला होता.

"गाय घेतली काय?" त्याने विचारलं होतं.

"नाही. पेटीत भरायचाय."

काळुरामने पेंढा दिला, आणि शिकलेल्या लोकांचं डोकं कधी फिरेल सांगता येत नाही, असं बायकोला, आवडाबाईला, जाऊन सांगितलं.

पावसाळ्यात पेटीचं लाकूड फुगलं. आतल्या वाफेने ते तापे, कुरकुरे, कण्हे, आणि झाकणाच्या फटीतून वाफ सुस्कारा टाकी. मंदाकिनीला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो आला नाही तर तिला काळजी वाटे, डाळ कच्ची राहील म्हणून.

मग पेटीची ऊब फुकट का घालवा, असं तिच्या मनात आलं. त्र्यंबकचा कचेरीत घालण्याजोगा सदरा एकच. तो आला की सदरा धुवायचा, भाताच्या पेजेची खळ करायची, आणि सकाळी पुन्हा घालायचा. पावसात वाळणार कुठे? तिने काठ्यांची फुली बांधली, तिच्यावर सदरा चढवला, आणि ती फुली पेटीवरच्या गोधड्यांत खोचली. रेशनच्या तांदळाची पेज चिकट असते. वाळत आलेला सदरा असा ताठ बसे, की खांदे, छाती, लोंबते हात, सगळं जागच्या जागी. नव्हतं फक्त डोकं.

रॉकेलचं तर काय सांगावं! समोर काळुराम राहायचा त्या जुन्या घराच्या ओटीवर दिवेलागणीला गॅसबत्ती लागायची. मंदाकिनीने आतल्या खोलीच्या खिडकीत आरसा असा कलता टांगला, की त्या बत्तीचा उजेड आरशावर पडून आत यायचा. वाती वळायला, तांदूळ निवडायला तेवढा पुरे. ओटीवर कुणी चाललं की उजेड जायचा, यायचा. आणि आरसा वाऱ्याने हलला, की खोलीतल्या सगळ्या सावल्या श्वास घेतल्यासारख्या वर-खाली व्हायच्या. तो उजेड नेमका पेटीवर पडायचा. ते मात्र तिने मुद्दाम केलं नव्हतं, खिडकीच तिथे होती.

भाद्रपदात काळुराम एक दिवस दारात येऊन उभा राहिला. बापाचं आयुष्य मिठागरात गेलेलं, याने जमिनीचे तुकडे विकून घर बांधलं. मनाने वाईट नव्हता. त्याला बोलायला जड जात होतं.

"बाय, ठाण्याचे कंत्राटदार हायत. त्यांना आख्खा घर पायजे. पैसा चांगला देतात. दसऱ्यापतूर खोल्या सोडा."

"त्यांना बरं नाही हो अजून," मंदाकिनी म्हणाली.

"मना म्हाईत हाय. पन माझेपन पोरीचा लगीन हाय ना!"

तो गेला. मंदाकिनी देवापुढे जाऊन बसली. काय मागावं ते तिला सुचेना, म्हणून तिने नेहमीचाच जप केला.

कंत्राटदार आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई घर पाहायला आले ते नेमके दिवेलागणीला, भर पावसात. सुहासिनीबाई ठसठशीत, हातात छत्री, गळ्यात बोरमाळ. काळुराम पुढे, ते मागे. त्र्यंबक मागच्या पडवीत पंचा नेसून काढा पीत बसला होता. मंदाकिनी स्वयंपाकघरात केळीचं पान पुसत होती. आतल्या खोलीत पेटी आपलं काम करत होती.

"ही आतली खोली. जा, बगा की," काळुराम म्हणाला.

सुहासिनीबाई उंबऱ्यात गेल्या आणि तिथेच थांबल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अहो बाई, आत कोण बसलंय?"

"कुणी नाही," मंदाकिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. आणि ते खरंच होतं.

पेटी कण्हली.

"कुणी नाही कसं? ते पांढरं..."

"अच्छा, ते होय! ते ह्यांचं आहे. उबेला बसवलंय." सदरा म्हणायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. घरात रोजचंच, त्याचं नाव कोण घेतं?

एवढ्यात समोरच्या ओटीवर आवडाबाई बत्तीपुढून गेली. खोलीतला उजेड गेला. परत आला तेव्हा वाऱ्याने आरसा हलत होता, आणि पेटीवर बसलेल्याची छाती सावकाश फुगत होती, बसत होती.

"डोकं..." सुहासिनीबाईंच्या तोंडून कसंबसं निघालं. "त्याला डोकं नाहीये."

"डोकं कशाला लागतं त्याला?" मंदाकिनी पान ठेवून बाहेर येत म्हणाली. "सकाळी हे घालतील की आपलं."

त्याच क्षणी मागच्या काळोखातून त्र्यंबक खोकला.

कंत्राटदार बायकोच्या पुढे होते असं काळुराम नंतर सांगे. आवडाबाई सांगे की नाही, सगळ्यांत पुढे काळुरामच होता. तिने ओटीवरून पाहिलं होतं. एवढं खरं, की छत्री मंदाकिनीच्या दारात उघडीच राहिली आणि पावसात गोल गोल फिरत बसली.

त्र्यंबकला हसता हसता पुन्हा खोकल्याची उबळ आली. "मंदा, देवानेच ऐकलं गं तुझं! आता हे लोक काही पुन्हा येत नाहीत. तू आपली गप्प राहा."

मंदाकिनीला हसू आलं नाही. "गप्प राहिले तर ते खोटंच झालं ना?"

"तू कुठे खोटं बोललीस?"

"बोलले नाही. पण ते भलतंच समजून गेले, ते मला दिसत होतं. आणि मला बरं वाटलं. खरं सांगू? फार बरं वाटलं. नेमात हे बसतं का?"

त्या रात्री डाळ छान शिजली होती, पण मंदाकिनीने आपलं पान तसंच झाकून ठेवलं.

सकाळी अंगणात माणसं जमली. गोदूबाईंनी आपल्याकडची बातमी सगळ्यांना केव्हाच वाटून टाकली होती. काळुराम दारात आला. पण उंबरा ओलांडायला तयार नव्हता.

"बाय, यो घर मी सवता बांधला. पाया खनला तवा नारल फोरला, देवाला बोकड दिला. आमचे घरान भूत नव्हता. यो तुमी आनला. तुमचे पेटीन आला. दसरा-बिसरा काय नाय, आजच निंगा."

त्र्यंबकचा चेहरा उतरला. कालची देवाची कृपा रात्रीतून अशी उलटली होती. मंदाकिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. आता गप्प राहून भागणार नव्हतं, आणि तिला ते बरंच वाटलं.

"काळुरामदादा, भूतबित काही नाही. तुम्ही सगळे थांबा. मी तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवते."

तिने पेटी अंगणात आणवली. पावसाने उघडीप दिली होती. सदरा काढून ठेवला. शेगडी पेटवली, डाळीला उकळी आणली, आणि मग शेगडीवर सगळ्यांसमोर पाणी ओतलं. कोळसे चरचरून विझले. डाळ अजून टणक होती. तिने एक दाणा आवडाबाईच्या हातावर ठेवला. "चावून बघा."

"कच्ची हाय," आवडाबाई म्हणाली.

भांडं पेंढ्यात गेलं. वर झाकण, झाकणावर गोधड्या. "बघा, आत पेंढाच आहे. तुमच्याच खाचरातला. ऊब आत कोंडून राहते, त्या उबेवर ती शिजते. दुसरं काही नाही." असं म्हणून ती आपल्या वाती घेऊन ओसरीवर बसली.

माणसं हलली नाहीत. घरी कामं पडली होती, पोरं रडत होती, पण कुणी जाईना. काही वेळाने पेटी कण्हली. पहिली रांग दुसऱ्या रांगेवर आदळली. मग सुस्कारा आला, भर दिवसा, उन्हात, आणि झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ वळवळत वर गेली. गोदूबाई रामरक्षा म्हणत होत्या. मधल्या ओळी त्या नेहमीच विसरत, म्हणून पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून म्हणत होत्या.

मंदाकिनीने झाकण उघडलं. डाळ लोण्यासारखी शिजली होती. तिने पळीने ती घोटून दाखवली आणि समाधानाने सगळ्यांकडे पाहिलं. आता तरी पटलं असेल.

काळुरामने विझलेल्या शेगडीत बोट घालून पाहिलं. गार. भांड्याला बोट लावलं. चटका बसला. त्याने बोट तोंडात घातलं, आणि तसंच बाहेर काढून हात जोडले. मंदाकिनीला नाही, पेटीला.

"आग नाय," तो पुटपुटला. "धूर नाय. पेंढा कवा रांधतो काय? आमी जनमभर पेंढा बगितला. आमचे बैलाचे पोटान जातो, तिथं डाल नाय शिजली कवा. बाय, तुला तो रांधून देतो!"

"अहो नाही! ऊब—"

"त्याचा नाव नको घेव. समजला आमाला. नाव घेतला तर जाईल तो."

मंदाकिनीने पुन्हा सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं. थर्मासचं उदाहरण दिलं, पण थर्मास कुणी पाहिलेला नव्हता. जितकं ती सांगे तितक्या माना आदराने खाली जात. शेवटी त्र्यंबकने तिच्या हाताला धरून तिला आत नेलं. "पुरे आता. तू खरं सांगितलंस. याहून जास्त खरं माणसाला झेपत नाही."

"पण आपण निघायचं ना आता?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

ते कुणालाच माहीत नव्हतं. काळुराम ओटीवर जाऊन बसला होता. रांधणाऱ्या भुताला घराबाहेर काढावं की नाही, याचा विचार त्याने आयुष्यात कधी केला नव्हता.

दुपार टळली तेव्हा मागच्या दाराशी पाऊल वाजलं. आवडाबाई होती. पदराखाली काहीतरी झाकलेलं.

"बाय," ती कुजबुजली, "पोरीचे बाबाला सांगू नको. वाल आनलेत. सोललेत पन. कोलसा लय महाग झाला ना... त्याला सांग की, माझेपन शिजव."

मंदाकिनीने तिच्याकडे पाहिलं. काळुरामची बायको घाबरली होती, आणि तरी भांडं पुढे धरलेला हात मागे घेत नव्हती.

"उकळी आणलीय का?"

"आनली. मीठ घातलाय. त्याला मीठ चालतो ना?"

"चालतं," मंदाकिनी म्हणाली. मीठ पेटीला चालतच होतं.

आवडाबाईचे वाल शिजले. मग गोदूबाई आल्या, चवळी घेऊन, तोंड बाजूला वळवून. पेटीत एका वेळी मावेल तेवढंच मावायचं, म्हणून मंदाकिनीने दिवस लावून दिले. बायका भांडं ठेवताना पेटीला पाठ दाखवत नसत. येताना कुणी हळद-कुंकू आणी, कुणी एक फूल. पण कोळसा वाचला, की वाचलेल्या कोळशाची गोष्ट कुणाच्या पोटात राहत नाही. ती कल्याणला गेली, तिथून ठाण्याला गेली.

आणि नवरात्राच्या आधी सुहासिनीबाई परत आल्या. या वेळी चांगल्या उन्हात, देवळातला अंगारा कपाळाला लावून. छत्री न मागता त्या सरळ काळुरामच्या ओटीवर चढल्या.

"पाटील, घर आम्ही घेतो. तुम्ही सांगाल ते भाडं. आमच्याकडे रोज कामावरच्या माणसांचं जेवण असतं, सरपणातच निम्मा जीव जातो. ते जे काही आहे, ते मात्र घरातच राहिलं पाहिजे. भिंतीत आहे का जमिनीत?"

मंदाकिनी तुळशीला पाणी घालत होती. तिने तांब्या खाली ठेवला. वाईट भूत म्हणून एकदा घर जायला निघालं होतं. आता चांगलं भूत म्हणून जायला निघालं.

काळुरामने कपाळ खाजवलं. तो मंदाकिनीकडे वळला. "बाय, तू नेमाची हायस. तू खोटा नाय बोलनार. तो कुठं असतो? घरान का पेटीन?"

त्र्यंबक दारात आला होता.

मंदाकिनीने डोळे मिटून खरं काय ते आठवून पाहिलं. "जे काही होतं," ती सावकाश म्हणाली, "ते पेटीतच होतं. घराचा काही संबंध नाही."

"पेटी कुनाची?"

"माझी. माहेरची. आम्ही जाऊ तिथे ती येणार."

सुहासिनीबाईंनी पेटीची किंमत विचारली. माहेरची वस्तू विकत नाहीत, हे मंदाकिनीने सांगायच्या आधीच आवडाबाई ओटीवरून खाली उतरली. तिने कंबरेवर हात ठेवले. नवऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे.

"ही जानार, तर माझे वाल कोन शिजवनार? सांगा ना! पोरीचे लग्नाला लाकडा किती लागतील, हाय काय हिशेब? काय नाय देयाचा घर कुनाला. बाय हितंच ऱ्हानार, पेटी हितंच ऱ्हानार."

काळुरामने बायकोकडे पाहिलं. मग पेटी होती त्या खोलीच्या दिशेने, भीत भीत. तिकडून काहीच आवाज आला नाही. त्याने ती संमती धरली.

"जमनार नाय, बाईसाहेब," तो कंत्राटदारीणबाईंना म्हणाला. "तुमची छत्री तवढी घेऊन जावा."

त्या गेल्या. अंगण रिकामं होत गेलं. त्र्यंबक आत जाऊन खिडकीजवळ वाऱ्याला बसला. मंदाकिनी तुळशीपुढे वाकली आणि पुष्कळ वेळ उठलीच नाही. उठली तेव्हा शेजारी आवडाबाई उभी होती.

"एक इचारू बाय? त्याचा नाव काय?"

"मी कधी विचारलं नाही," मंदाकिनी म्हणाली.

आवडाबाईने समजल्यासारखी मान हलवली. बरोबर आहे, असल्यांना विचारू नये.

संध्याकाळी मंदाकिनीने डाळीला उकळी आणली, भांडं पेंढ्यात दडपलं, गोधड्या हाताशी घेतल्या. पेंढा, ऊब, कोंडलेली वाफ. तिला सगळं माहीत होतं. झाकण लावताना तिचा हात मात्र आज थांबला. तिने मागे वळून पाहिलं, त्र्यंबक ऐकत नाही ना म्हणून. मग पेटीशी तोंड नेऊन, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "ठेवते हं."

आणि उत्तर येतंय की काय म्हणून, थोडी थांबली.